चार्ली चॅप्लिनचा जन्मदाखलाच नाही! मग त्याच्या गरीब घराचा इतिहास सापडला कसा?

१९५२ सालची गोष्ट. सप्टेंबर महिन्यात चार्ली चॅप्लिन अमेरिकेहून बोटीने लंडनला निघाला होता. बोट समुद्रात असतानाच अमेरिकेने त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला. हा माणूस कम्युनिस्टांच्या बाजूचा आहे, असा तिथल्या सरकारला संशय होता. अमेरिकेने ब्रिटनच्या एमआय-फाइव्ह या गुप्तचर संस्थेला विचारलं, हा चॅप्लिन मुळात कुठला?

एमआय-फाइव्हने लंडनमधल्या सॉमरसेट हाऊसमध्ये शोध घेतला. इंग्लंड आणि वेल्समधल्या जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी तेव्हा तिथे ठेवलेल्या असायच्या. चॅप्लिन आपली जन्मतारीख १६ एप्रिल १८८९ सांगायचा. शोधाशोध झाली, पण नोंद काही मिळाली नाही. ही फाइल २०१२ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. चॅप्लिनचा जन्मदाखला आजही कोणाला सापडलेला नाही.

गंमत म्हणजे त्याच्या घरातलं बाकी जवळपास सगळं सापडलं आहे. आई-वडिलांचं लग्न, मोठ्या भावाचा जन्म, पोरं कोणत्या वर्षी गरिबांच्या सरकारी आसऱ्याला गेली, आईला मनोरुग्णालयात कधी नेलं, वडील कशाने गेले, सगळं.

या घरात जमीन नव्हती, मृत्युपत्र करण्याएवढी मिळकत नव्हती. मग एवढे कागद आले कुठून? आणि इंग्लंडमधल्या कुठल्याही कष्टकरी कुटुंबाची वंशावळ अशी शोधता येते का? समजून घेऊया.

गरिबाची नोंद ठेवायची गरज कोणाला होती?

श्रीमंतांचं सोपं असतं. जमिनीचे दस्त असतात, मृत्युपत्रं असतात, भिंतीवर आजोबांचं तैलचित्र असतं. शेतमजूर, गिरणीतली बाई, गोदीवरचा हमाल यांच्याकडे यातलं काही नसतं. बऱ्याच जणांना लिहिता-वाचताही यायचं नाही, त्यामुळे पत्रं नाहीत आणि डायऱ्या तर नाहीतच.

त्यांचं नाव कागदावर यायचं ते दुसऱ्या कोणाच्या तरी कामासाठी. चर्चला बाप्तिस्मा नोंदवायचा असतो. सरकारला माणसं मोजायची असतात. शाळेला हजेरी घ्यायची असते. आणि सगळ्यात जास्त कागद तयार व्हायचे ते एका प्रश्नामुळे: हा माणूस उपाशी आहे, तर याचा खर्च कोणी करायचा?

हा प्रश्न लक्षात ठेवा. गरिबांच्या वंशावळीची किल्ली तिथेच आहे.

पहिली पायरी: जन्म, लग्न, मृत्यू

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. या नोंदींची मध्यवर्ती प्रत जनरल रजिस्टर ऑफिसकडे असते आणि शुल्क भरून कोणीही ती मागवू शकतं. कोणत्या नोंदी आहेत याची सूची 'फ्रीबीएमडी' या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. ती स्वयंसेवकांनी एकेक नाव टाइप करून तयार केली आहे.

शोध नेहमी आजपासून मागे जातो. आजीच्या जन्मदाखल्यावर तिच्या आईचं माहेरचं आडनाव मिळतं. ते हाताशी आलं की आई-वडिलांचं लग्न शोधता येतं. लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्याही वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो. म्हणजे एका कागदात आणखी एक पिढी हाती लागते. मग त्यांचे जन्म, त्यांच्या आई-वडिलांची लग्नं, असं एकेक पायरी मागे जायचं.

चॅप्लिनच्या बाबतीत हेच करून पाहू. त्याचे आई-वडील हॅना हिल आणि चार्ल्स चॅप्लिन. दोघंही म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी-नकलांच्या लोकप्रिय कार्यक्रमांत काम करणारे कलाकार. त्यांचं लग्न २२ जून १८८५ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या सेंट जॉन्स चर्चमध्ये झालं. हॅनाचे वडील बूट बनवणारे कारागीर होते आणि चार्ल्सचे वडील खाटीक. झालं, आपण आजोबांपर्यंत पोचलो.

आता दुसरी तारीख बघा. चार्लीचा मोठा भाऊ सिडनी याचा जन्म १६ मार्च १८८५ चा. म्हणजे लग्नाच्या तीन महिने आधीचा. सिडनीचे वडील कोण, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. घरात ज्या गोष्टीवर कोणी अवाक्षर काढत नाही, ती दोन तारखा शेजारी ठेवल्या की समोर येते.

लग्नाच्या दाखल्याबद्दल अजून एक गोष्ट. त्यावर वडिलांची नावं असायची, आईची नाही. १८३७ पासून चालत आलेला हा प्रकार बदलला थेट मे २०२१ मध्ये.

मग चार्लीची स्वतःची जन्मनोंद का नाही? जन्म न नोंदवल्यास दंड करण्याचा कायदा १८७५ पासून लागू होता, पण अंमलबजावणी ढिली होती. त्यात आई-वडील सतत कार्यक्रमांसाठी गावोगाव फिरणारे. राहून गेलं असणार. मात्र मे १८८९ मध्ये 'द मॅग्नेट' या म्युझिक हॉलवाल्यांच्या पत्रात मुलगा झाल्याची बातमी छापून आली होती. तिच्यातली तारीख १५ एप्रिल आहे आणि चार्ली आयुष्यभर १६ एप्रिलला वाढदिवस करत राहिला. जुन्या कागदांत असा एखाद्या दिवसाचा, कधी एखाद्या वर्षाचा फरक नेहमीच सापडतो.

दुसरी पायरी: खानेसुमारी

ब्रिटनमध्ये १८०१ पासून दर १० वर्षांनी खानेसुमारी होते. पण घरातल्या प्रत्येकाचं नाव असलेली आणि आज देशभर पाहता येणारी पहिली खानेसुमारी १८४१ ची. तिच्यात एक मेख आहे. १५ वर्षांवरच्या माणसांचं वय साधारणपणे ५ च्या पटीत खाली आणून लिहिलेलं असतं. म्हणजे कागदावर २५ दिसलं तर माणूस २९ वर्षांचाही असू शकतो.

१८५१ पासून मजा येते. कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न झालंय की नाही, व्यवसाय आणि जन्म कोणत्या गावी झाला, हे सगळं लिहिलेलं असतं. जन्मगाव मिळालं की पुढे कोणत्या चर्चच्या वह्या उघडायच्या ते कळतं. खेड्यांच्या पानांवर व्यवसायाच्या रकान्यात 'अ‍ॅग लॅब' असं पुन्हा पुन्हा दिसतं. 'अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर', म्हणजे शेतमजूर, हा शब्द इतक्या वेळा लिहावा लागायचा की तो पुरता लिहिण्याचा कंटाळा यायचा.

१८९१ च्या खानेसुमारीत चार्ली वॉलवर्थच्या बार्लो स्ट्रीटवर आई आणि सिडनीसोबत सापडतो. साधारण याच सुमारास आई-वडील वेगळे झाले होते. १९०१ च्या खानेसुमारीत तो आईजवळही नाही. 'एट लँकशायर लॅड्स' नावाच्या नाचणाऱ्या मुलांच्या पथकासोबत तो लंडनच्या ब्रिक्स्टन भागात राहतोय. वय फक्त ११. दहा वर्षांच्या अंतराने घेतलेले हे दोन फोटो म्हणा ना. मधे काय घडलं ते शोधायला दुसरे कागद लागतात.

१९११ ची खानेसुमारी विशेष आहे, कारण तिच्यात कुटुंबाने स्वतःच्या हाताने भरलेला तक्ता जपलेला आहे. पणजोबांचं अक्षर पहिल्यांदा दिसतं ते बऱ्याचदा इथेच. त्यात विवाहित बाईला विचारलं होतं: या लग्नातून किती मुलं जन्मली, किती हयात आहेत, किती गेली? कामगार वस्तीतल्या घरांमध्ये त्या शेवटच्या रकान्यात मोठे आकडे दिसतात. त्या गेलेल्या मुलांची नावं मात्र तक्त्यात नसतात. ती जन्म-मृत्यूच्या सूचीतून एकेक करून शोधावी लागतात.

१९२१ च्या खानेसुमारीत माणूस कोणाकडे नोकरीला होता तेही लिहिलं आहे, त्यामुळे कामगारांच्या वंशजांसाठी ती मोठा ठेवा आहे. १०० वर्षांच्या गोपनीयतेनंतर ती जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. त्यानंतर मात्र खड्डा आहे. १९३१ ची खानेसुमारी डिसेंबर १९४२ मध्ये गोदामाला लागलेल्या आगीत जळाली आणि १९४१ ची महायुद्धामुळे झालीच नाही. हा खड्डा काही प्रमाणात '१९३९ रजिस्टर' भरून काढतं. युद्ध सुरू होताच, २९ सप्टेंबर १९३९ रोजी, ओळखपत्रांसाठी ही देशभर नोंद घेतली गेली होती. १९५१ च्या खानेसुमारीसाठी २०५२ पर्यंत थांबावं लागेल.

तिसरी पायरी: चर्चच्या वह्या

१८३७ च्या आधी काय? तिथे पॅरिशच्या वह्या लागतात. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतलं गाव किंवा शहराचा भाग. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने आदेश काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. काही गावांत इतक्या जुन्या वह्या अजून शाबूत आहेत, काही ठिकाणी उंदीर, ओल आणि आळस यांनी त्या संपवल्या.

या वह्यांमध्ये सुरुवातीला फार कमी माहिती असते. 'जॉनचा मुलगा विल्यम', संपलं. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर नवरा-नवरीची सही किंवा खूण घेणं सक्तीचं झालं. १८१३ पासून बाप्तिस्म्यासाठी छापील रकाने आले आणि वडिलांचा व्यवसायही लिहिला जाऊ लागला.

सहीच्या जागी अनेकदा नुसती फुली असते. शेजारी कारकुनाने नाव लिहिलेलं असतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या खापरपणजीने स्वतःच्या हाताने केलेली, शिल्लक राहिलेली एकुलती एक गोष्ट म्हणजे ती फुली. वंशावळ शोधणारे लोक त्या फुलीचा फोटो काढून ठेवतात, ते उगाच नाही.

चौथी पायरी: "हा आमच्या गावचा नाही"

आता तो खर्चाचा प्रश्न.

१६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांची जबाबदारी टाकली. त्यासाठी गावातल्या घरमालकांकडून कर घेतला जायचा. साहजिकच प्रत्येक गावाला वाटायचं की दुसऱ्या गावचा गरीब आपल्या गळ्यात पडू नये. म्हणून १६६२ मध्ये 'सेटलमेंट'चा कायदा आला. प्रत्येक गरिबाचं एक हक्काचं गाव ठरलं. तो अडचणीत आला तर मदत त्याच गावाने करायची.

हक्काचं गाव कसं ठरायचं? जन्मावरून, एखाद्या कारागिराकडे उमेदवारी केली त्यावरून, अविवाहित असताना वर्षभर एकाच मालकाकडे चाकरी केली त्यावरून, किंवा वर्षाला १० पौंड भाड्याचं घर घेतलं त्यावरून. बाईला लग्नानंतर नवऱ्याचं गाव लागू व्हायचं, मग तिने ते कधी पाहिलेलं असो वा नसो.

मदत मागायला आलेल्या माणसाची, किंवा तो मागेल अशी भीती असलेल्या माणसाची न्यायाधीशांसमोर शपथेवर जबानी व्हायची. कुठे जन्मलास, कोणाकडे काम केलंस, पगार किती होता, लग्न कधी झालं, मुलं किती? आज या जबान्या सोन्यासारख्या आहेत. एका शेतमजुराचं अख्खं आयुष्य अर्ध्या पानात मिळतं, तेही जवळपास त्याच्याच तोंडून.

पण त्या जबानीचा शेवट अनेकदा 'रिमूव्हल ऑर्डर'ने व्हायचा. म्हणजे या कुटुंबाला उचला आणि त्यांच्या गावी सोडून या. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या बाईला तर गावं घाईघाईने हद्दीबाहेर काढायची, कारण लग्नाशिवाय जन्मलेलं मूल जिथे जन्मेल त्या गावाचं व्हायचं. तिला बाळाच्या बापाचं नाव सांगायला लावलं जायचं, म्हणजे खर्च त्याच्याकडून वसूल करता येईल. बाप्तिस्म्याच्या वहीत न मिळालेलं बापाचं नाव वंशजांना वसुलीच्या कागदात मिळतं, ते यामुळे.

पाचवी पायरी: वर्कहाऊस

१८३४ मध्ये कायदा बदलला. अनेक पॅरिश मिळून एक 'युनियन' झाली आणि मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये या, असं धोरण आलं. तिथे डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं अन्न मिळायचं, पण बदल्यात काम करावं लागायचं, गणवेश घालावा लागायचा. पुरुष, बायका आणि मुलं वेगवेगळी ठेवली जायची. लोकांनी शेवटचा पर्याय म्हणूनच इकडे यावं, यासाठी जीवन मुद्दाम कठोर ठेवलेलं होतं.

१८९६ मध्ये हॅना चॅप्लिन दोन्ही मुलांना घेऊन लॅम्बेथच्या वर्कहाऊसमध्ये गेली. चार्ली तेव्हा ७ वर्षांचा होता. मुलं आईपासून वेगळी झाली आणि जून महिन्यात त्यांना हॅनवेलच्या गरीब मुलांच्या शाळेत पाठवलं गेलं. १८९८ मध्ये पुन्हा वर्कहाऊस. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हॅनाला केन हिलच्या मनोरुग्णालयात दाखल केलं. वडील १९०१ मध्ये दारूपायी यकृताच्या विकाराने वारले. वय ३८.

या तारखा आपल्याला माहीत आहेत, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी खर्च मांडत होतं. किती माणसं आली, कुठे पाठवली, कोणाच्या खात्यावर. मुलांच्या पालनपोषणाचे पैसे द्यावेत म्हणून अधिकारी चार्लीच्या वडिलांच्याही मागे लागले होते. लॅम्बेथची ही दप्तरं आज लंडनच्या सार्वजनिक अभिलेखागारात, 'द लंडन आर्काइव्ह्ज'मध्ये, जपलेली आहेत.

वर्कहाऊसची लाज इतकी होती की पुढे सरकारनेच एक पळवाट काढली. तिथे जन्मलेल्या बाळाला आयुष्यभर तो शिक्का नको, म्हणून १९०४ पासून जन्मनोंदीत वर्कहाऊस शब्दाऐवजी साधा रस्त्याचा पत्ता लिहावा, असं निबंधकांना सुचवण्यात आलं. पणजोबांच्या दाखल्यावर एखाद्या रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक दिसतो, वंशज नकाशात ते घर शोधतात आणि कळतं की तिथे वर्कहाऊस होतं. अनेक कुटुंबांना हे पहिल्यांदा कळतं ते असं, शंभर वर्षांनी.

आणि काही कागद देवळालीतून जातात

इंग्लंडमधला नोकरी नसलेला तरुण बऱ्याचदा सैन्यात भरती व्हायचा. त्यामुळे या शोधाचा एक धागा आपल्याकडेही येतो. पुणे, खडकी, कुलाबा, देवळाली इथल्या छावण्यांमध्ये राहिलेल्या गोऱ्या शिपायांची लग्नं, त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे आणि दफनं इथल्या चर्चमध्ये नोंदली गेली. त्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जायच्या आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबई इलाख्याच्या वह्यांची तिथे वेगळी मालिकाच आहे.

देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले शिपाई परतीच्या बोटीची वाट बघत पडून असायचे. कंटाळा आणि उन्हाने डोकं फिरल्याच्या गोष्टी इतक्या पसरल्या की 'डुलॅली' म्हणजे वेडा, असा शब्दच इंग्रजीत रूढ झाला.

या वह्यांमध्ये एक रिकामी जागाही दिसते. कंपनीच्या काळात गोऱ्या शिपायाला भारतीय बाईपासून मूल झालं, तर बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव, हुद्दा, सगळं असायचं. आईचं नाव मात्र अनेकदा गाळलेलं असायचं. इंग्लंडमधल्या एखाद्या कुटुंबाची वंशावळ अशीच एका मराठी किंवा कोकणी बाईपाशी येऊन थांबलेली असू शकते. पुढे जायला रस्ता नाही, कारण तिचं नाव लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही.

शोधताना कुठे फसायला होतं?

सगळ्यात मोठा धोका म्हणजे एकसारखी नावं. जॉन स्मिथ, मेरी जोन्स अशी शेकडो माणसं एकाच शहरात असायची. फक्त नाव जुळलं म्हणून आनंद मानायचा नाही. वय, जन्मगाव, व्यवसाय आणि शेजारी राहणारे नातेवाईक, यातल्या निदान दोन-तीन गोष्टी जुळायला हव्यात.

दुसरं, स्पेलिंग. खानेसुमारीवाला कानाला ऐकू आलं तसं लिहायचा आणि समोरच्याला वाचता येत नसेल तर चूक दुरुस्त कोण करणार?

तिसरं, घरातली झाकपाक. लग्नाशिवाय झालेल्या मुलीच्या मुलाला आजी-आजोबा स्वतःचा मुलगा म्हणून सांगायचे. बहीण म्हणून लिहिलेली बाई खरं तर आई असू शकते.

चौथं, आजचा धोका. ऑनलाइन संकेतस्थळांवर दुसऱ्याने बनवलेली वंशावळ एका क्लिकवर आपल्या वंशावळीला जोडता येते. एकाची चूक मग शंभर जणांच्या घरात जाते. म्हणून मूळ कागदाचा फोटो स्वतः बघितल्याशिवाय नाव पक्कं करू नये.

शेवटी हाती काय येतं?

या पद्धतीने शोधत गेलं तर राजघराण्याशी नातं बहुतेक सापडत नाही. सापडतात ते शेतमजूर, मोलकरणी, लवकर गेलेली पोरं आणि कर्जात बुडालेले बाप. शिवाय ही सगळी माणसं आपल्याला भेटतात ती त्यांच्या सर्वात वाईट दिवशी, कारण तेव्हाच कोणीतरी वही उघडली होती. चांगल्या दिवसांची नोंद कोणी ठेवलीच नाही. हॅना चॅप्लिन खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या हुबेहूब नकला करायची आणि आपण अभिनय तिच्याकडून शिकलो, असं चार्ली सांगायचा. वर्कहाऊसच्या वहीत यातलं एक अक्षर नाही. तिथे ती फक्त एक निराधार बाई आहे.

म्हणून अनुभवी शोधकर्ते सांगतात, दप्तर उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोला. फोटोच्या मागे लिहिलेली नावं वाचा, कोण कशाला हसायचं ते विचारा. सरकारी कागद पुढच्या वर्षीही जागेवर असतील. आजीचं तसं नसतं.

लॅम्बेथच्या त्या वर्कहाऊसच्या इमारतीचा काही भाग अजून उभा आहे. आज तिथे सिनेमाचं संग्रहालय आहे. ज्या पोराच्या जन्माची नोंद त्याच्या देशाकडे नाही, त्याला बघायला लोक तिथे तिकीट काढून जातात.